चढणीची भीती आणि गुरूंवरचा भरवसा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिकातल्या वाडीसेवेचे फोटो ग्रुपवर टाकल्यापासून उत्तरं द्यायला बोटं पुरेनात. "त्या लाल मातीच्या चढावर गाडी तुम्ही बायकांनीच नेली? भीती नाही वाटली?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. बडोद्याच्या एका भगिनींनी लिहिलं, "महाराजांची कृपा, दुसरं काय!" आणि इंदूरच्या एका काकांनी सरळच विचारलं की असलं धाडस करायची गरज काय होती. एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा या वेळच्या चिंतनात हाच विषय घेतलाय. काकांचा प्रश्न सगळ्यांत नीट आहे, म्हणून तो आधी.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे सह्याद्रीचा डोंगराळ, भरपूर पावसाचा पट्टा लागतो. तिथल्या एका वाडीवर आपलं केंद्र दर पौर्णिमेला जातं, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. अकरा घरं आहेत. डांबरी रस्ता संपला की साधारण दोन किलोमीटर बैलगाडीची जुनी वाट, जांभ्या दगडाची आणि लाल मातीची. पावसाळ्यात ती बंदच. दसऱ्याच्या सुमारास वाट वाळते आणि मग मे महिन्यापर्यंत आपली गाडी वर जाते. वर नामजप होतो, प्रसाद होतो, आणि सोबत आलेल्या डॉक्टरताई सगळ्यांचं बी.पी. आणि शुगर तपासतात, पुढच्या महिन्याच्या गोळ्या देतात. वाडीत तीन-चार म्हातारी माणसं अशी आहेत की त्यांना चालत खाली येणं आता या जन्मी होणार नाही.

इतकी वर्षं ही गाडी आपले एक ज्येष्ठ सेवेकरी नेत होते. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबायला डॉक्टरांची मनाई आली. ज्या तरुण मुलांना अशी वाट जमते ती नोकरीसाठी पुण्याला नाहीतर गोव्याला. म्हणजे सेवा थांबवायची, की आपल्यातल्याच कुणी शिकायचं? एवढाच प्रश्न होता काका, धाडसाची हौस कुणालाच नव्हती. आम्ही चौघी पुढे झालो. चौघींनाही गाडी येते, पण ती टिळकवाडीतून शहापुरात जाण्यापुरती. कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर ट्रॅफिक तुंबून गाडी चढावर थांबली, की मागच्या रिक्षाकडे बघून छातीत धडधडणारी आम्ही माणसं.

आता कृपेबद्दल. बडोद्याच्या ताईंचं म्हणणं खोटं नाही, पण त्या एका शब्दात फार काही झाकलं जातं, म्हणून थोडं मोकळं बोलतो. आपल्या मंडळींत एक सवय आहे. नाम घ्यायचं, डोळे मिटायचे आणि "महाराज बघून घेतील" म्हणत पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा. गाडीच्या बाबतीत हे कुणी करत नाही, कारण दरी समोर दिसते. मुलाच्या लग्नात, धंद्याच्या कर्जात, औषधं बंद करण्यात मात्र सर्रास करतात. आमच्या मते ही श्रद्धा नाही, हा आळस आहे. महाराजांनी बघून घ्यायचं ते आपण आपलं बघून झाल्यावर. या दोन महिन्यांत हे आम्हाला कुठल्या ग्रंथापेक्षा त्या चढणीने जास्त नीट शिकवलं.

शिकवायला भेटले ते एक फौजेतून निवृत्त झालेले काका. बेळगावात फौजी घरोघरी, त्यात नवल नाही. पण या काकांची निम्मी नोकरी डोंगरात गाडी चालवण्यात गेलेली. पहिल्या दिवशी आम्ही चौघी सीटबेल्ट लावून, "श्री गुरुदेव दत्त" म्हणून तयार. काका चढणीच्या पायथ्याशी म्हणाले, "गाडी बंद करा. चावी माझ्याकडं द्या. आता चला चालत."

चढ चालत चढलो, चालत उतरलो, परत चढलो. एक तास इंजिनला हात नाही. प्रत्येक दहा पावलांवर त्यांचा प्रश्न असायचा: इथं मोकळा दगड कुठला? डावं चाक कुठनं जाणार? वरचा माथा संपल्यावर वाट सरळ जाते की वळते? वर गाडी उभी करायला जागा आहे का? पावसाने जिथे माती कापून नेली होती तिथे त्यांनी हाताची वीत लावून खोली मोजायला लावली. चाकोरी हा शब्द आपण भाषणात किती वापरतो, "चाकोरीबाहेर पडा" वगैरे. खरी चाकोरी तिथे बघितली. उथळ असली तर ती चाक धरून ठेवते, गाडी सरळ नेते. फार खोल असली तर चाकं आत आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर, म्हणजे गाडी लोंबकळलीच. तेव्हा चाकोरीतून जायचं की चाकोरी टाळायची, हे खाली उतरून वीत लावल्याशिवाय कळत नाही.

चढाचं मापही तेव्हाच समजलं. आमच्या डोळ्यांना तो चढ भिंतीसारखा, पंचेचाळीस अंशांचा वाटत होता. काकांनी हिशेब सांगितला. आडवं १०० मीटर गेल्यावर २५ मीटर उंची वाढली तर तो चढ २५ टक्के, आणि अंशांत मोजला तर जेमतेम १४ अंश. पंचेचाळीस अंश म्हणजे १०० मीटरला पुरते १०० मीटर. आमचा सगळ्यात खडा तुकडा त्या २५ टक्क्यांच्या आसपास, लांबी असेल साठ-सत्तर पावलं. भीतीने त्याला तिप्पट उभा केला होता. तो सोपा होता असं नाही. पण खरं माप कळल्यावर भीतीला राहायला तेवढीच जागा उरली, बाकीची रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी वाटलं आज चढायचं. तर काकांनी सांगितलं, "अर्ध्यापर्यंत जायचं, मुद्दाम थांबायचं, आणि परत खाली यायचं. चार दिवस हेच." आमच्यातल्या एकीने विचारलंसुद्धा की चढायला शिकायचंय तर उतरायला काय शिकवताय. त्यावर ते म्हणाले, ज्याला अडलेली गाडी मागं घेता येत नाही, तो चढावर घाबरून काहीतरी वेडंवाकडं करतो, आणि माणसं तिथंच उलटतात.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं मर्म इथेच आहे. चढावर मध्येच गाडी अडली, चाकं जागच्या जागी फिरू लागली किंवा इंजिन बंद पडलं, की मनात पहिला विचार येतो: वळवून घेऊ. तोच सगळ्यांत घातकी. उभ्या चढावर गाडी आडवी झाली की तिचं सगळं वजन खालच्या बाजूच्या दोन चाकांवर येतं आणि ती कलंडायला एक दगड पुरतो. दुसरा विचार येतो: न्यूट्रल करून ब्रेकवर हळूहळू मागे सोडू. तेही नाही. तोंड वर असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर वजन कमी असतं. नुसत्या ब्रेकवर ती घसरतात, मग स्टेअरिंग कुणाचं ऐकत नाही. करायचं ते असं: पायाचा ब्रेक घट्ट, वर हँडब्रेक, एक श्वास. मग लो रेंजमध्येच रिव्हर्स गिअर टाकायचा. इंजिन चालू करायचं, क्लच सोडत सोडत ब्रेक सैल करायचे आणि क्लचवरून पाय पूर्ण काढून घ्यायचा. आता गाडीला इंजिनच धरून ठेवतं. आरशात बघत, चाकं सरळ ठेवून, ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने सरळ मागे. मुंगीच्या पावलांनी गाडी खाली येते. पहिल्या वेळी तळहात ओले झाले होते. विसाव्या वेळी आम्ही मागे येता येता डब्यातल्या भाजीबद्दल बोलत होतो.

चार दिवस आम्ही असे "नापास" होत होतो, आणि त्या चार दिवसांत चढाची भीती निघून गेली. चढून गेल्यामुळे नव्हे हं, चढलो तर नव्हतोच अजून.

त्या दिवसांत गीतेचा सहावा अध्याय फार आठवला. तिथे अर्जुन एक अगदी प्रपंचातला प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण नेटाने प्रयत्न झाला नाही, मन मध्येच योगावरून ढळलं, तर त्या माणसाचं काय? ना हे ना ते, विखुरलेल्या ढगासारखा तो नाहीसा होतो का? भगवंत त्याला मायेने, बापाने लेकराला सांगावं तसं सांगतात की चांगल्या वाटेवरच्या माणसाची दुर्गती होत नाही. त्याने जिथवर मजल मारली तिथून त्याचा पुढचा प्रवास सुरू होतो. आपण नेम धरतो, मार्गशीर्षात पोथी लावतो, रोज पहाटे अकरा माळा ठरवतो. नवव्या दिवशी घरात आजारपण येतं, पाहुणे येतात, नेम मोडतो. मग काय करतो? एकतर लाज वाटून केंद्रात यायचंच बंद करतो, म्हणजे चढावर गाडी आडवी घालतो. नाहीतर "आता मोडलंच आहे" म्हणून सगळंच सोडून देतो, म्हणजे न्यूट्रलवर मागे घरंगळतो. तिसरी वाट असते हे कुणी शिकवलेलंच नसतं. थांबायचं, एक श्वास घ्यायचा, गिअर न सोडता सरळ मागे यायचं. अकरा माळांवरून एका माळेवर, पण त्याच आसनावर. पायथ्याशी येऊन परत वाट बघायची. नेम मोडल्यावर काय करायचं हे ज्याला माहीत आहे, तोच मोठा नेम धरायला भीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पाचव्या दिवशी चढलो. त्याचं वर्णन फार नाही, खरं सांगायचं तर ते सोपं वाटलं. सपाटीवर गाडी थांबवून फोर-लो टाकायचं, दुसरा गिअर, आणि चढावर असताना गिअर बदलायचा नाही, क्लचला पाय लावायचा नाही. गिअरचा निर्णय पायथ्याशी झाला पाहिजे. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण दगडावर चाक आपटून स्टेअरिंग झटकन फिरलं तर अंगठा मोडतो. रेस एकसारखी. चाक फिरायला लागलं की आपला पाय आपोआप जोरात दाबतो आणि चाक माती उकरून स्वतःचा खड्डा खणतं. तिथे उलट पाय हलका करायचा, स्टेअरिंग जरासं डावं-उजवं हलवायचं, म्हणजे टायरला कुठेतरी धर मिळते.

एका जागी मात्र सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. माथ्याजवळ आलं की समोर बॉनेट आणि आभाळ, बाकी काही दिसत नाही. वाट आहे की नाही तेच कळत नाही. तिथे पहिल्या दिवशीचं चालणं कामी येतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पायांना माहीत होतं की पुढे चार पावलं सपाट आहे आणि मग वाट उजवीकडे वळते. गुरूवर भरवसा ठेवणं म्हणजे आम्हाला वाटतं असंच काहीतरी असावं. ते आपल्याला आधी पायी फिरवून आणतात, आपल्याला तेव्हा ते कंटाळवाणं वाटतं. मग जिथे काही दिसेनासं होतं तिथे ते चाललेलं आठवतं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी योगाचा डोंगर असाच चढायला सांगितला आहे. पायथ्याला यम-नियम, मग आसनांची पायवाट, पुढे प्राणायामाचा कडा, आणि त्यानंतर प्रत्याहाराची एक निसरडी जागा, जिथे बुद्धीचाही पाय ठरत नाही. हट्टाने चढणारे तिथे हार मानतात. अभ्यास असेल तर मात्र वैराग्याची नखं हळूहळू तिथे रोवली जातात. "हळूहळू" हा शब्द टायरच्या बाबतीत इतका खरा ठरेल असं पारायण करताना कधी वाटलं नव्हतं!

उताराला बहुतेक जण सोपं समजतात. चढताना गाडी अडून आपल्याला वाचवते, उतारावर अडवायला काही नसतं. उतरण्याआधी माथ्यावरच पहिला गिअर, लो रेंज, आणि दोन्ही पाय जवळजवळ मोकळे. इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेक अगदी हलका. मागची बाजू घसरून बाजूला जाऊ लागली तर ब्रेक न दाबता किंचित रेस द्यायची, गाडी पुन्हा सरळ होते. मनाला हे पटत नाही, सरावानेच पटतं. घरात रागाचा उतार लागतो तेव्हाही गिअर वरच टाकलेला असावा लागतो. सुनेशी बोलणं सुरू झाल्यावर, अर्ध्या वाक्यात नाम आठवून उपयोग नसतो.

आता शेजारच्या सीटबद्दल, कारण हा निरोप कुटुंबांच्या ग्रुपमध्ये वाचला जातो. आमच्यापैकी दोघींना घरच्यांनी गाडी शिकवायचा प्रयत्न पूर्वी केलेला. "ब्रेक! ब्रेक! अगं बघतेस कुठं!" हे ज्यांच्या घरी झालं नाही त्यांनी हात वर करावा. ओरडणाऱ्याचं प्रेमच असतं, नाही असं नाही, पण ओरडण्याने चालवणाऱ्याचं लक्ष वाटेवरून उडून ओरडणाऱ्याच्या तोंडाकडे जातं. फौजी काका शेजारी बसून तोंडातून एक शब्द काढत नसत. बाहेर एक जण खुणा करायला उभा असे, तोही गाडीच्या रेषेत कधीच नाही, बाजूला, उंचावर. खूण करणारा एकच, बाकीच्यांनी गप्प. गाडीत चालवणारीशिवाय दुसरं कुणी नाही, सामान टपावर नाही. एक गाडी माथ्यावर पोचल्याशिवाय दुसरी चढाला लागत नाही. मुलांच्या दहावी-बारावीच्या वर्षात घरात खूण करणारी पाच माणसं असतात, पाचांच्या पाच दिशा. जरा विचार करून बघा.

आमच्या चौघींपैकी एकीने अजूनही तो खडा तुकडा चालवलेला नाही. तिला नको वाटतं, आणि आम्ही आग्रह करत नाही. तिची नजर मात्र इतकी तयार झालीय की आता खुणा तीच करते, आणि ती उभी असली की बाकीच्या तिघींचे हात थरथरत नाहीत.

फोटोत न आलेली एक गोष्ट सांगायला हवी. आधीच्या, म्हणजे कोजागिरीच्या सेवेला आदल्या रात्री परतीचा पाऊस पडला. पायथ्याशी पोचलो तर लाल मातीचा शिरा झालेला. चालत गेलो, बघितलं, काठी रोवली तर वीतभर आत. एवढा सराव केलेला, सगळी तयारी, वर माणसं वाट बघत बसलेली. गाडीत दोघीजणी म्हणत होत्या, "महाराजांचं नाव घेऊ आणि जाऊ." पाच मिनिटं सगळे शांत बसलो, नाम घेतलं, आणि गाडी सपाटीवर लावली. गोळ्यांची पिशवी आणि बी.पी.चं यंत्र घेऊन डॉक्टरताई आणि आम्ही दोघी चालत वर गेलो. पाऊण तास लागला, चपला चिखलात रुतल्या. वरच्या आजींनी पाय धुवायला गरम पाणी दिलं, नी म्हणाल्या, "गाडी नाही आणली ते बरं केलंत, आमची बैलंबी आज उतरली नाहीत." त्या दिवशी नामजप नेहमीपेक्षा चांगला झाला असं सगळ्यांचंच मत पडलं.

जाता जाता एक स्पष्ट करतो. ही वाडीची पूर्वापार गाडीवाट आहे आणि आपण फक्त तिच्यावरून जातो. सुट्टीला जीपा घेऊन येऊन ओढ्यात चाकं फिरवणारे, जंगलात नवी वाट पाडून रील करणारे हल्ली पुष्कळ दिसतात. त्यात आपल्या कुणाचं पोरगं असेल तर कान धरावा. आणि हे वाचून लगेच कुणी एकट्याने डोंगराला गाडी लावू नये, जाणतं माणूस शेजारी हवंच. इंदूर-बडोद्याच्या मंडळींनी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या चढापासून सुरुवात करावी. रविवारी सकाळी मोकळा असताना अर्ध्यावर थांबायचं, हँडब्रेक लावायचा, पुन्हा निघायचं. गाडी मागे न सरकता दहा वेळा जमलं की कळवा.

दत्तजयंतीला प्रसाद वाडीवर न्यायचा आहे. गाडी सकाळी सहाला केंद्रातून निघेल. चालत येऊ शकणाऱ्यांनी चालतच यावं, गाडीत जागा फक्त पातेल्यांना आणि डॉक्टरताईंना. शिकायची इच्छा असलेल्या भगिनींनी आपलं नाव खाली लिहावं. फौजी काका पौषात पुन्हा वेळ देणार आहेत. पहिल्या दिवशी मजबूत बूट घालून या, गाडीची चावी आणायची गरज नाही.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥